सोळाव्या चॅनलवरचा श्वास

मी मिक्सर बोलतोय. लगेच झाकण घट्ट धरू नका, स्वयंपाकघरातला तो नव्हे. सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली असते. तिथे तिरक्या टेबलावर पसरलेला, नॉबांनी भरलेला, दिसायला विमान चालवेल असा आणि आतून भित्रा असा जो कुणी असतो, तो मी. मंचावरचा माणूस माईकमध्ये बोलतो, ते माझ्यातून जातं आणि मग तुम्हाला ऐकू येतं.

'बोलतोय' म्हणणंही जरा धाडसाचंच. जन्मभर मी दुसऱ्यांचे आवाज पुढे पोचवले. माझा स्वतःचा असा आवाज म्हणजे खरखर, आणि ती निघाली की लोक दुरुस्तीवाल्याला फोन करतात. तेव्हा काही अडखळलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, तोंडात एकमेकींच्या सासरच्या गोष्टी. कुणी मला तारा जोडल्या, कुणी नॉबांना टोप्या बसवल्या. शेवटी एकीने माईक लावला आणि म्हणाली, "हॅलो, एक, दोन." माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द हे. आशीर्वाद नाही, नाव नाही, नुसते आकडे. नंतरही बहुतेक लोक माझ्याशी एवढंच बोलले.

तिथून मी या सभागृहात आलो. मला खोक्यातून बाहेर काढलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे इथले जुने ऑपरेटर. त्यांनी माझ्या पाठीमागच्या भोकांत एकेक तार खोचली आणि प्रत्येक तार खोचताना तिला बजावलं, "नीट बस." जणू वर्गच भरत होता. मास्तर हे नाव त्यावरूनच पडलं असावं.

माझी रचना सोपी आहे. सोळा रकाने शेजारी शेजारी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं इतके सारखे. प्रत्येक रकाना म्हणजे एक चॅनल, एका माईकची वाट. सगळ्यांत वर गेन, म्हणजे आवाज आत किती घ्यायचा तो नॉब. खाली आवाजाचा जाडपणा-बारीकपणा ठरवणारे नॉब. मग मॉनिटरचा नॉब. त्याखाली ऐकून बघायचं बटण. ते दाबलं की तेवढं एकच चॅनल हेडफोनमध्ये येतं, हॉलला त्याची गंधवार्ता नसते. आणि सगळ्यांत खाली फेडर, वर-खाली सरकणारा, ज्याला सगळे पाहुणे आधी बोट लावतात.

मास्तरांची निवृत्ती जवळ आली तेव्हा ती आली. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, हातात वही, चेहऱ्यावर 'आपल्याला हे जमणार नाही' असं छापलेलं. मास्तर तिला 'पोरी' म्हणायचे, व्यवस्थापक 'मॅडम' म्हणायचे. मी आपलं 'ती'च म्हणतो.

"गेन म्हणजे दार," मास्तर सांगायचे. "कुजबुजणाऱ्याला सताड उघडायचं, ओरडणाऱ्याला फट पुरे."

"आणि कुजबुजता कुजबुजता ओरडणारा असला तर?"

"मग तो नेता असतो. त्याला हात लावायचा नाही, फक्त बोट फेडरवर ठेवून बसायचं."

ती हसली. त्या खोलीत कुणी हसल्याला बराच काळ लोटला होता.

एक गोष्ट मात्र मास्तरांनी हसत सांगितली नाही. मंचावर गाणाऱ्याच्या पायाशी एक तिरका स्पीकर असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. गाणाऱ्याला आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून तो. "फेडर हा हॉलचा मालक आहे, मॉनिटरचा नाही," मास्तर म्हणाले. "फेडर तळाला ओढलास तरी मॉनिटरचा नॉब उघडा असेल तर तिकडे पायाशी आवाज जातच राहतो. इथे बसून आपल्याला कळतही नाही. म्हणून कार्यक्रम संपला की सगळे नॉब शून्यावर. भांडी घासल्याशिवाय आपण झोपतो का?"

"मी झोपते कधी कधी," ती म्हणाली.

"इथे नाही झोपायचं."

मास्तर निवृत्त झाले. खुर्ची तिची झाली. लग्न झालं, सुट्टी घेऊन गेली, परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक टोपली होती आणि टोपलीत बाळ.

आता सांगतो ते बाहेर बोलू नका असं म्हणणार होतो, पण आता बोललात तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

नवरा दूरच्या गावी पाळीवर कामाला, घरी यायचा तो सुट्टीपुरता. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. दोन घरांत बाळं आणि आजी एकच. शेजारणीने एकदा बाळ सांभाळलं, पण परत देताना म्हणाली, "फार रडकं आहे हो." पुन्हा हिने तिथे विचारलं नाही. राहता राहिली नोकरी. ती सोडायची तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागलंही असतं, ओढूनताणून. पण दिवसभर चार भिंती आणि एक टोपली एवढ्यात तिचं डोकं फिरायला लागलं होतं, हे तिनेच एकदा माझ्यासमोर फोनवर सांगितलं. "मला कुणीतरी मोठं माणूस बोलताना ऐकायचंय," ती म्हणाली. "भाषण असलं तरी चालेल."

व्यवस्थापकांना तिने विचारून बघितलं होतं. व्यवस्थापक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस; मंचावर सहसा चढायचे नाहीत, पण मंचाबद्दलचे सगळे नियम त्यांचे. ते म्हणाले, "मॅडम, हे सभागृह आहे, पाळणाघर नाही. बाळ आणायचं असेल तर तुम्ही घरीच बसा, आम्ही दुसरं कुणी बघतो." आवाज चढला नाही. शांतपणे बोललेलं खरं असतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणून बाळ मागच्या जिन्याने यायचं. जिन्यापाशी म्हातारा पहारेकरी बसायचा. टोपलीवर टाकलेल्या ओढणीकडे बघून तो म्हणाला, "मला काही दिसलं नाही. तसंही मला कमीच दिसतं."

काचेच्या खोलीत बाळ ठेवणं शक्य नव्हतं. व्यवस्थापक कधी डोकावतील त्याचा नेम नाही, शिवाय हॉलचा आवाज थेट आत येतो. पलीकडे मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली होती, मध्ये आवाज अडवणारं जाड दार. तिथे टोपली ठेवली की बाळ झोपायचं छान, पण मेलं की जगलं हे इकडे कळायचं नाही. हे तिचे शब्द, माझे नाहीत. असं तोंडातून निघालं आणि तिने स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतली.

मग तिने एक युक्ती काढली. टोपलीच्या वर एक माईक टांगला, बाळाच्या हाताला लागणार नाही इतका उंच. त्याची तार दाराखालून आणून माझ्या सोळाव्या चॅनलला जोडली. फेडर तळाला. गेन सताड उघडा. मग ऐकून बघायचं बटण दाबून हेडफोन एका कानावर चढवला, दुसरा कान मोकळा ठेवला. एका कानात हॉल, एका कानात बाळ. फेडरखाली चिकटपट्टीवर आम्ही प्रत्येक चॅनलचं नाव लिहितो: निवेदक, पियानो, व्हायोलिन. सोळाव्याखाली तिने लिहिलं, 'राखीव'.

मला पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा मी चक्रावलो. भाषणं, टाळ्या, खोकले, गाणी, पडलेले माईक, सगळं माझ्यातून गेलं होतं. हे तसलं काहीच नव्हतं. आत, बाहेर. थोडं थांबणं. पुन्हा आत. थांबणं जरा लांबलं की ती खुर्चीतून अर्धी उठायची, श्वास आला की पुन्हा बसायची. अशी उठबस तिची कार्यक्रमभर चालायची. टाळ्या लांबणार असं दिसलं की धावत पलीकडे जायची, बाळाला थोपटायची, धावत परत. निवेदकांना वाटायचं, बाई फार तत्पर.

"आई म्हणून नापास," एकदा ती पुटपुटली, "आणि ऑपरेटर म्हणून काठावर पास." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ती हे मलाच सांगत होती असं मी धरून चाललो. माणूस एकटा असला की काय काय धरून चालतो, यंत्राचंही तेच.

मला सांगायला हवं होतं की आम्ही तिघं आहोत. ती, बाळ आणि मी. पण मला सांगता येत नाही. माझ्यातून फक्त जाता येतं.

मग तो आठवडा आला. एका मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि त्यांना सोळाच्या सोळा चॅनल हवे होते. नेमका नवरा सुट्टीवर घरी होता, म्हणून बाळ घरी. तिने 'राखीव'ची पट्टी काढली आणि सोळाव्यावर बासरीवाला बसवला. हा बासरीवाला भारी हट्टी. "मला मी ऐकू येत नाहीये. वाढवा. अजून वाढवा." तिने सोळाव्याचा मॉनिटरचा नॉब वाढवत वाढवत पार पुढे नेला.

कार्यक्रम संपता संपता नवऱ्याचा फोन.

"बाळ दूध घेत नाहीये. अंग गरम लागतंय."

"किती गरम?"

"गरम म्हणजे… गरम."

"कपाळ की पोट?"

"अगं, सगळंच."

तिने पर्स उचलली आणि गेली. भांडी तशीच राहिली. सोळा चॅनल, सगळे नॉब जिथल्या तिथे, आणि मी दिवा विझल्यावर त्यांच्याकडे बघत बसलो.

ताप दात येण्याचा निघाला. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर परतला आणि ती बाळाला घेऊन मागच्या जिन्याने आली. त्या संध्याकाळी मोठ्या बाईंचं गाणं होतं.

मोठ्या बाई म्हणजे गायिका. सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. केस पूर्ण पांढरे, गळा अजून तरणा, कान मात्र थोडे थकलेले. बरोबर त्यांचा मुलगा होता, पन्नाशीचा. आईची पर्स, आईचा चष्मा आणि आईची काळजी असं सगळं तोच वाहायचा. दुपारी आवाजाची तालीम झाली. बाई म्हणाल्या, "पोरी, मला माझा आवाज पायाशी हवा. लाजू नकोस, दे भरपूर." तिने पहिले काही चॅनल नीट लावले. पियानो, व्हायोलिन, बाई. सोळाव्याला हात लावायचं कारणच पडलं नाही, कारण त्याला अजून काही जोडलेलं नव्हतं. गाणं सुरू व्हायच्या जरा आधी बाळ झोपलं, तिने माईक टांगला, तार जोडली, गेन उघडला, फेडर तळाला आहे ना ते बघितलं, आणि हेडफोन चढवला.

मला कळलं होतं. सोळाव्याचा श्वास दोन वाटांनी निघाला होता. एक तिच्या कानाकडे, दुसरी मंचावर, बाईंच्या पायाशी. मी काय करणार? माझ्या अंगावर सोळाव्याचा हिरवा दिवा, आवाज आत आला की लागणारा, लुकलुकत होता. तो रोजच लुकलुकायचा. तिला त्यात नवल वाटलं नाही.

पहिल्या गाण्यात बाई अंतऱ्यापाशी थांबल्या. पियानोवाल्याने वेळ मारून नेली. दुसऱ्या गाण्यात त्यांनी पायाकडे बघितलं. काचेआड ही पुढे सरसावली. "मॉनिटर कमी पडतोय त्यांना," ती म्हणाली आणि मॉनिटरचा एकूण आवाज वाढवला. म्हणजे श्वासही वाढला. बाई पुन्हा थांबल्या. हिने पुन्हा वाढवला.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटाला बाळ उठलं आणि रडलं. ती टाळ्यांच्या आडून पलीकडे धावली. तिने बघितलं नाही, पण मी काचेतून बघितलं: मंचावर बाई खुर्चीतून ताडकन उठल्या होत्या आणि आजूबाजूला कुणाला तरी शोधत होत्या. लोकांना वाटलं, अभिवादन करतायत. टाळ्या अजून वाढल्या. व्यवस्थापकांनी घाईने मध्यंतर जाहीर केलं. पडदा पडला.

बाळाला पुन्हा झोपवून ती परत आली. बाई अडखळल्या म्हणजे माईकची तार सैल असणार, चूक आपलीच असणार, हे तिने गृहीत धरलं. हॉलमधलं काही बिघडलं की आधी स्वतःकडे बोट, ही तिची सवय. तिने बाईंच्या माईकचा फेडर तळाला ओढला आणि ऐकून बघायचं बटण दाबलं. माईक पडद्याआड तसाच उघडा होता.

खरखर नव्हती. माणसं बोलत होती.

"आई, आज काय होतंय तुला?" मुलाचा आवाज. "कितीदा थांबलीस."

"इथे बाळ आहे रे कुठेतरी."

"कुठलं बाळ?"

"श्वास घेतंय. इथे, पायाशी. मघाशी रडलंसुद्धा."

"आई, इथे कुणी नाही."

"मला ऐकू आलं."

"मागच्या वेळी तुला दार वाजलेलं ऐकू आलं होतं."

"ते वाजलं होतं."

"नव्हतं वाजलं, आई. मी दाराशीच उभा होतो."

 मग व्यवस्थापकांचा आवाज, मऊ केलेला. "तब्येतीचं कारण सांगून उत्तरार्ध थांबवू या का?"

"थांबवा," मुलगा म्हणाला. "आणि पुढचे कार्यक्रमही नकोत आता. भास व्हायला लागले तर… मी एकटा किती बघणार?"

त्याच्या आवाजात चीड नव्हती, थकवा होता. म्हणून ते जास्त लागलं.

"बरं," बाई म्हणाल्या. एवढा मोठा गळा, पण त्यातून तो शब्द कसाबसा निघाला. "माझ्या घरात बाळ होतं ते तू. तुझेच केस पिकले. आता मला बाळं ऐकू यायला लागली, म्हणजे पुरे झालं."

ती ऐकत होती. आधी तिचं लक्ष बाईंकडे होतं. मग हळूहळू तिची नजर माझ्यावर सरकत सरकत सोळाव्यापर्यंत आली आणि मॉनिटरच्या नॉबवर थांबली. बासरीवाल्यासाठी लावला होता तसाच, पार पुढे.

तिने तो गपकन शून्यावर आणला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला काही कळणार नव्हतं. बाळ झोपलेलं, नॉब मिटलेला, दार बंद. तिने मूग गिळून बसायचं, उत्तरार्ध रद्द व्हायचा, बाळाला घेऊन मागच्या जिन्याने घरी जायचं, पुढच्या कार्यक्रमाला परत यायचं. एवढं सोपं होतं. आणि बाईंचं म्हणाल तर त्यांचं वय झालंच होतं की. कधीतरी थांबायच्याच होत्या. मी तिच्या बाजूने असं सगळं मनात म्हणून बघितलं. तीही बहुधा हेच म्हणून बघत होती, कारण तिचे ओठ हलत होते.

"त्या घरी जातील आणि रात्रंदिवस ऐकत बसतील," ती म्हणाली. "खरं काय, खोटं काय. प्रत्येक आवाजाला."

हे तिला कुणी सांगायला हवं होतं? दिवसातून शंभर वेळा टोपलीपाशी कान नेणारीला?

माझ्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं बटण आहे, टॉकबॅक. ते दाबून ऑपरेटर बोलला की ते हॉलला जात नाही, फक्त मंचावर, मॉनिटरमध्ये. तिने ते दाबलं. दाबल्यावर काही वेळ नुसताच तिचा श्वास गेला.

"मोठ्या बाई," ती म्हणाली. "मागे काचेच्या खोलीतून बोलतेय. तुम्हाला भास झाला नाही."

मंचावर कुणाची तरी खुर्ची सरकली.

"ते माझं बाळ आहे. पलीकडच्या खोलीत झोपवते मी त्याला. त्याच्या माईकचा मॉनिटर माझ्याकडून उघडा राहिला. चूक माझी आहे, तुमची नाही."

"काय बोलताय मॅडम तुम्ही?" व्यवस्थापक.

"ऐका," ती म्हणाली, आणि सोळाव्याचा नॉब पुन्हा हळूहळू वर नेला.

आत, बाहेर. थोडं थांबणं. पुन्हा आत.

माझ्या आयुष्यात मी बरेच आवाज मंचावर पोचवले, पण तो पोचवताना मला माझ्या तारा नव्या असल्यासारख्या वाटल्या. तिकडे पडद्याआड चार-पाच माणसं पायाशी बघत उभी असणार.

"हेच," बाई म्हणाल्या. मग मुलाला, "ऐकलंस?"

"ऐकलं," मुलगा म्हणाला.

"मग दाराचंही नीट आठवून बघ." आणि माईककडे तोंड करून, "किती महिन्यांचं आहे गं?"

"सात."

"छातीत कफ आहे त्याला थोडा. ओव्याची पुरचुंडी करून शेक." थांबून त्या म्हणाल्या, "रडतं मात्र सुरात. आता बंद कर ते. मला गायचंय."

उत्तरार्ध झाला. कसा झाला ते मी सांगू नये, कारण मला गाण्यातलं कळतं असं कुणी मानत नाही. एवढंच सांगतो की बाई कुठेही थांबल्या नाहीत, आणि काचेआड तिने हेडफोन दोन्ही कानांवर घेतला नाही, एकाच कानावर ठेवला, आणि एक हात फेडरवर ठेवून दुसऱ्याने डोळे पुसत राहिली. रडताना आवाज करायचा नाही, ही या खोलीत बसणाऱ्यांची शिस्त.

कार्यक्रमानंतर बाईंचा मुलगा खोलीच्या दारात आला. हातात आईची पर्स. "मी… तुमचे…" एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "बाळ झोपलंय का अजून?" ती म्हणाली, "हो." तो मान हलवून गेला. चांगला माणूस होता. पण त्याला आईला घरी न्यायची घाई होती, आणि व्यवस्थापक तिला काय बोलणार आहेत हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल.

व्यवस्थापक मात्र आले. त्यांनी बसा म्हटलं नाही, स्वतःही बसले नाहीत.

"मी सांगितलं होतं, मॅडम."

"हो."

"तुम्ही गप्प राहिला असता तर मला कळलंही नसतं."

"हो."

"मग का बोललात?"

ती एकेक नॉब शून्यावर आणू लागली. त्यांनाही उत्तर बहुधा नको होतं. ते म्हणाले की महिनाअखेरपर्यंत या, मग दुसरा माणूस येईल. वर म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं." या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

शेवटच्या दिवशी तिने किल्ल्या दिल्या, माझ्या अंगावरची धूळ पुसली, आणि पहारेकऱ्याने जिन्यावरून विचारलेलं मला ऐकू आलं, "आता कुठे, पोरी?" ती म्हणाली, "बघू. आधी याचे दात येऊ देत." मग पावलं उतरत गेली. त्यानंतर मी तिला ऐकलेलं नाही. बाळाचा कफ गेला का, त्याला दात आले का, ते चालतं का, मला ठाऊक नाही. मला कोण येऊन सांगणार?

नवा ऑपरेटर चांगला होता. त्याची चूक काढण्यासारखं काही नव्हतं. सोळावं चॅनल रिकामं राहिलं.

मोठ्या बाई पुन्हा एकदा आल्या. दुपारी तालमीला बसल्या आणि माईकमध्ये म्हणाल्या, "बाळाची आई आहे का गं आत?"

नव्या ऑपरेटरने टॉकबॅक दाबला. "मी आहे. काय हवंय तुम्हाला?"

"ती कुठे गेली?"

"कोण ती? मला नाही माहीत. मॉनिटर वाढवू का?"

बाईंनी काचेकडे बघितलं. दुपारच्या दिव्यांत काचेत त्यांना आपलंच प्रतिबिंब दिसलं असणार. मुलगा शेजारी उभा होता, तो खाली बघत होता.

"नको," बाई म्हणाल्या. "आहे तेवढा राहू दे."

आणि त्या गायल्या. चांगल्या गायल्या. पण गाणं संपल्यावर थोडा वेळ त्या पायाशी कान देऊन बसलेल्या मला दिसल्या, आणि मी काहीच पाठवू शकलो नाही.

आता माझ्या जागी नवा मिक्सर आलाय. पाटीएवढा, गुळगुळीत काचेचा, बोट फिरवलं की सगळं आठवणीत ठेवणारा. माझ्या तारा एकेक करून काढल्या गेल्या. कुणी 'नीट बस' म्हणालं नाही, आणि आता म्हणायचं कारणही नव्हतं. मी जिन्याखालच्या कोठडीत आहे, वर एक जुनं पोतं. वरून पावलं जातात, पण ती ऐकायला मला निदान वीज तरी जोडलेली लागते. जोडलेलं काही नाही. मी अंदाजाने सांगतोय.

मला परत घ्या, दुरुस्त करा, असं काही माझं मागणं नाही. माझा काळ झाला, ते मला कळतं. मागणं आहे ते दुसरंच. तुम्ही कार्यक्रमाला जाल, गाणं मनासारखं होईल, टाळ्या वाजवाल, उठाल. निघायच्या आधी एकदा मागे वळून बघा. लोक मागे वळतात ते माईकने शिट्टी मारली की, आणि तेव्हा त्यांच्या नजरेत फक्त राग असतो. काही बिघडलं नसतानाही वळून बघा. तिथे काचेआड कुणी बसलेली दिसली, तर वर जा आणि तिला विचारा, "घरी कोण आहे?"

ती म्हणेल, "आहेत की सगळे." तेवढ्याने निघू नका. जरा थांबा.